खापराला साबण

मी एक जुने खापर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल. चुलीवर पालथे घातलेले मातीचे रुंद भांडे, एवढेच माझे रूप. पाचोऱ्याजवळच्या खेड्यात लोटन कुंभाराने मला घडवले आणि भिकुबाईने वाजवून, पारखून घरी आणले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्याशिवाय त्या घराचे पान हलत नसे. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर खेळवत भिकुबाई कोपरापर्यंत पसरायची आणि तो पातळ मांडा अलगद माझ्या पाठीवर टाकायची. "मांडा खावा ते भिकुबाईनाच!" असे गल्ली म्हणायची. मी धुराने काळे होत गेले, पण त्याचा मला अभिमानच होता.

भिकुबाईची लेक लता लग्न होऊन दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गेली. तिथे ठिकठिकाणची माणसे. एकदा नळावर ती सहज अहिराणीत बोलून गेली, "पानी उनं का?", म्हणजे पाणी आले का. बायका फिदीफिदी हसल्या. शेजारच्या सुनंदाबाई तर पुढे कितीतरी दिवस तिला पाहिले की तेच म्हणायच्या. त्यांच्या मनात पाप नव्हते, पण लताच्या मनाला ते लागले. ती पुस्तकी मराठी बोलू लागली. गाव विचारले की "नाशिककडचे" म्हणू लागली.

१९८९च्या आखाजीला नवऱ्याच्या ड्यूटीमुळे लताला माहेरी येता येईना. मग भिकुबाईच मला गोधडीत गुंडाळून एसटीने दीपनगरला आली. लताने आईला मिठी मारली आणि मग खालमानेने म्हणाली, "आई, शेजारणी जेवायला येणार आहेत. त्यांच्यासमोर तू जरा बोलू नकोस."

भिकुबाई माझी गोधडी सोडू लागली. "बरं बेटा, चूप ऱ्हासू," एवढेच म्हणाली.

नंतर ती पुरण वाटत बसली असताना लताची नजर माझ्यावर पडली. माझा काळा रंग तिला सलला. धुण्याची पावडर घेऊन तिने मला घासघास घासले. मी पडले मातीचे. पावडर सगळी अंगात मुरली. मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली, पहिला मांडा उतरला, तो साबणाच्या वासाचा! भिकुबाईने लेकीकडे एकदा पाहिले. बोलायचे नव्हते ना! मांडा बाजूला ठेवून तिने मला रिकामेच तापवले, वास जाईपर्यंत. त्या दिवशी आम्ही दोघेही मुकेच होतो.

पुढचे मांडे झकास उतरले. आमरसात बुडवून सुनंदाबाई पोटभर जेवल्या. मग हळूच म्हणाल्या, "लताबाई, काय हात आहे हो तुमच्या आईंचा! पण दुपारपासून एक शब्द नाही. मुक्या आहेत का त्या?"

भिकुबाईची मान आणखी खाली गेली. लताचा वाढता हात थबकला. नुसते "हो" म्हटले असते तरी ती सुटली असती.

"मुकी नही शे," लता म्हणाली. "मनी माय शे ती. मीच तिले सांगं, बोलू नको म्हनी."

सुनंदाबाईंचा घास हातातच राहिला. हसले मात्र कुणीच नाही. भिकुबाईने पदराने डोळे टिपले आणि दिवसभर कोंडलेले पहिले वाक्य बोलली, "आंडेर, खापरले साबन कोनी लावस का?"

ती आंडेर, तिची लेक, तिच्या मांडीवर डोके ठेवून रडली.

मित्रांनो, आज माझी एक कड उडाली आहे आणि मी माळ्यावर आहे. तरी कुणी मला खाली काढलेच, तर एवढे ऐका. मला नुसत्या पाण्याने धुवा. साबण लावू नका.