दोन माणसं उंचीवरची होडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. जुनी आहे आणि दमलेलीही आहे. शिडीचं काम ऐकायला सोपं वाटतं. आपण टेकून उभं राहायचं आणि इतरांनी चढायचं, एवढंच. पण बारा वर्षं एकाच जागी उभं राहून पाहा, म्हणजे समजेल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एका घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे माझा जन्म झाला. मला बनवलं एका घड्याळजींनी. त्यांनी उभा जन्म दुकानात बसून, डोळ्याला भिंग लावून, लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. सुतारकामाचा त्यांना गंधही नव्हता. पण आपल्या हातांनी एक शिडाची होडी बांधायची, मग दुकान बंद करायचं आणि नवराबायकोने होडीतच राहून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. होडीआधी हात बसावा म्हणून त्यांनी मला करायला घेतलं. सुताराने मला एका दुपारात उभं केलं असतं. घड्याळजींना दहा दिवस लागले. माझ्या नऊ पायऱ्यांमधलं अंतर त्यांनी भिंग लावून तपासलं.

त्यांच्या पत्नी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकू, दारात उभ्या राहून पाहत होत्या. "शिडीला दहा दिवस लागले ना," त्या म्हणाल्या, "मग होडी कुणाच्या नावावर करून जायची ते आत्ताच ठरवून ठेवू."

घड्याळजी हसले आणि माझी सातवी पायरी पुन्हा मोजू लागले.

पुढे होडीचं पोट तयार झालं आणि लाकडी टेकूंवर उभं राहिलं. पाण्यात होडी कलंडू नये म्हणून तिच्या तळाला एक मोठा जड भाग असतो. त्याच्यामुळे तिचा डेक, म्हणजे वर वावरायची सपाट जागा, जमिनीपासून दोन माणसं उंच गेला. मला तिच्या कुशीला टेकवलं. रंगावर ओरखडा पडू नये म्हणून माझ्या वरच्या दोन टोकांना घड्याळजींनी आपले जुने मोजे चढवले. पायात सोडून डोक्यात मोजे घालणारी मी एकटीच असेन.

तेव्हा मी तरुण होते आणि मला या सगळ्याची मजा वाटायची. घड्याळजी वर चढायचे आणि पेन्सिल खाली राहिली म्हणून उतरायचे. खाली आल्यावर पेन्सिलीऐवजी स्क्रूची डबी घेऊन चढायचे. दिवसाकाठी चाळीस खेपा तरी व्हायच्या. शेजारीपाजारीही यायचे. त्यांना होडीतलं फारसं काही कळत नसे, म्हणून ते माझंच कौतुक करायचे, "काय भक्कम शिडी आहे हो!" नव्याचे नऊ दिवस सरले आणि ते येईनासे झाले. फक्त शेजारचे ट्रकवाले मामा दर वर्षी कुंपणावरून विचारायचे, "होडी न्यायला यंदा लागणार का गाडी?"

"पुढच्या वर्षी नक्की," घड्याळजी वरून सांगायचे.

काकू कपडे शिवून द्यायच्या. त्यांचं शिवणयंत्र भिंतीकडे तोंड करून होतं, त्यामुळे तीस वर्षं त्यांनी समोर भिंतच पाहिली होती. होडीची खरी ओढ कुणाला असेल तर ती त्यांना. तिसऱ्याच वर्षी त्यांनी बैठकीतलं सामान बाहेर काढलं, जमिनीवर जाड कापड पसरलं आणि दोन महिन्यांत तिन्ही शिडं शिवून टाकली. नीट घड्या घालून ती कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझं झालं. आता तुमचं होऊ द्या."

घड्याळजींचं मात्र होईना. ते पुट्टी भरत, पॉलिश पेपरने घासत, मग भिंग लावून पाहत. कुठेतरी केसाएवढी रेघ दिसे. की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. भिंगातून पाहिलं तर जगात कुठलंच काम पुरं झालेलं दिसत नाही. होडीतलं एक कपाट त्यांनी चार वेळा केलं. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं, पण त्या शेपटालाच सात वर्षं गेली.

"समुद्र काय भिंग लावून बघणार आहे का?" काकू विचारायच्या.

"आपल्याला तर माहीत असतं ना," ते म्हणायचे.

मित्रांनो, माणसांची गुपितं सगळ्यात आधी शिडीला कळतात. सुरुवातीला काकू एका हातात डबा घेऊन झपझप चढायच्या. दहाव्या वर्षी त्यांनी माझे दोन्ही दांडे घट्ट धरायला सुरुवात केली. पुढे तर त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून क्षणभर थांबू लागल्या. त्यांचे गुडघे जात चालले होते. मला ते रोज कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. त्यांचा नवरा वर बसून रेघा शोधत होता. मला त्याचा राग यायचा. एवढा बारीक पाहणारा माणूस, आणि त्याला हे दिसू नये?

बाराव्या वर्षी एका सकाळी काकू होडीतल्या गाद्यांची मापं घ्यायला आल्या. गळ्यात टेप होती. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या. पाचवीवर पाय उचलेना. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायांची थरथर माझ्या लाकडात उतरत राहिली.

"अहो, मापं तुम्हीच घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "मला आता वर येववत नाही."

घड्याळजी धावत कडेला आले. आणि त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी ते माझ्या पायऱ्यांच्या मध्ये नव्या पायऱ्या ठोकायला बसले. नऊच्या सतरा करणार होते, तेही भिंग लावून. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ते हेच.

काकू खुर्ची घेऊन समोर बसल्या. "पायऱ्या वाढवून माझे गुडघे नवे होणार आहेत का?"

"चढायला सोपं जाईल अगं."

"पण चढायचंच कशाला? होडी पाण्यात असती तर डेक धक्क्याला लागला असता. एक पाऊल टाकलं की आत. तुमची होडी उंच नाहीये, ती जमिनीवर आहे म्हणून उंच आहे." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "ते एक पाऊल अजून टाकता येतंय मला. पुढच्या वर्षीचं नाही सांगत."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. खूप वेळ ते काकूंच्या पायांकडे पाहत राहिले. मग उठून कुंपणापाशी गेले आणि मामांना हाक मारली. "गाडी लागणार आहे. याच आठवड्यात."

कपाटांना दारं नव्हती, गाद्या नव्हत्या, एका बाजूला रंगाचा दुसरा हातही व्हायचा होता. तशीच होडी निघाली. क्रेनचे पट्टे बांधायला लागेन म्हणून मलाही ट्रकवर टाकलं. धक्क्यावर क्रेनने होडी अलगद पाण्यात सोडली, आणि बारा वर्षं दोन माणसं उंच असलेला तो डेक धक्क्याच्या बरोबरीने येऊन थांबला. घड्याळजी आधी आत गेले आणि त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला, एक पाऊल टाकलं आणि त्या आत होत्या. समोर भिंत नव्हती. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मी तिथेच आडवी पडले होते. मला आनंद झाला, आणि आता आपलं काही काम उरलं नाही म्हणून वाईटही वाटलं.

परत जाताना मला न्यायचं सगळेच विसरले. आता धक्क्यावरचा पहारेकरी दिवा बदलायला मला वापरतो आणि उन्हापावसात तशीच सोडून जातो. माझी एक पायरी चिरली आहे. वर्षातून दोनदा ती होडी इथे येते. कपाटांना दारं अजून नाहीत. काकू ताटं कापडाच्या पट्टीने बांधून ठेवतात आणि पुढच्या बंदराला निघतात.

मित्रांनो, शिडी वापरून झाली की तिला सावलीत आडवी ठेवा, कधीतरी तेल लावा. तेवढ्याने आमचं आयुष्य वाढतं. तेही नाही जमलं तर चालेल, लाकूड बराच काळ वाट पाहू शकतं. पण तुमच्या घरात कोणी जिना चढताना मध्येच थांबू लागलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्यांना जिथे जायचं असेल तिथे आधी घेऊन जा.