उभ्या माणसाला बाद करू नये

लेक आणि जावई घर बदलणार होते. महिनाभर खोकी, रंगाचे डबे, उघड्या वायरी. त्यात नऊ वर्षांची नात पायात नको, म्हणून तिला आजीकडे ठेवायचं ठरलं. पण कुठल्या आजीकडे? मी तिच्या आईची आई, विहीणबाई तिच्या बाबांची आई, आणि दोघींनीही तिच्यासाठी पलंग लावून ठेवलेला. लेक-जावयाचं इकडे आड तिकडे विहीर झालं. शेवटी नातच म्हणाली, "तुम्ही बेसबॉल खेळा. जे जिंकतील त्यांच्याकडे मी."

हा खेळ ती शाळेत नुकताच शिकली होती. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने दांड्याने टोलवायचा आणि चार ठिकाणांना पाय लावत परत यायचं. आलात की एक धाव. वाटेत कुणी चेंडू हातात घेऊन तुम्हाला शिवलं की बाद. आमचं मागचं अंगण चौदा पावलं लांब आणि दहा रुंद. खेळाडू चार, आणि चौघांचं मिळून वय दोनशे ऐंशी. नियम बेताचेच करावे लागणार होते.

लेक नातीला घेऊन आदल्या दिवशीच आमच्याकडे आली होती. रविवारी सकाळी व्याही-विहीण आले तेव्हा मी पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. चेंडूही माझाच. गिरणीत तीस वर्षं पोती शिवली, मोज्यात चिंध्या कोंबून शिवायला कितीसा वेळ लागतो?

धुण्याचा दगड पहिला मुक्काम, नळ दुसरा, लिंबाची कुंडी तिसरा आणि पायरी शेवटचा. चेंडू खालूनच टाकायचा, कारण व्याह्यांनी चाळीस वर्षं बस चालवली आणि आता त्यांचा खांदा वर जात नाही. "धावायचं नाही. धावेल तो बाद," हे आमच्या ह्यांनी गुडघे चोळत सांगितलं.

"चेंडू कुंपणापलीकडे गेला तर?" नातीने विचारलं.

"तर मारणारा बाद, आणि शेजारणीकडून चेंडू मागून आणायचा तोही त्यानेच," मी म्हणाले.

"मग मी हळूच मारतो," व्याही म्हणाले. "त्या बाईंशी बोलण्यापेक्षा हरलेलं बरं."

विहीणबाई नर्स होत्या. तीस खाटांचा वॉर्ड एकटीने सांभाळलेला, त्यामुळे बोलणं अजून तसंच. "मला चालताना दम लागतो," त्या म्हणाल्या. "लिहा. दम लागला तर आहे तिथे उभं राहावं. उभ्या माणसाला बाद करू नये."

"ही पाचर आहे," हे माझ्या कानात कुजबुजले. "लिहू नकोस."

पण विहीणबाईंना नाही कसं म्हणणार? लिहिलं. मात्र त्याच्याच खाली मीही एक ओळ घातली: बरोबरी झाल्यास मुलगी आहे तिथेच राहील. म्हणजे आमच्याकडे. व्याही ती वाचून नुसते खोकले. त्यांनाही आम्हाला नाही म्हणवेना.

खेळ चांगला रंगला. हे एकदा कुंडीत बसले. व्याही नळापाशी बाद झाले आणि तिथेच पाणी पिऊन आले. दोन्हीकडे सहा-सहा धावा झाल्या आणि शेवटची पाळी विहीणबाईंची आली. त्यांनी असा काही टोला दिला की चेंडू बादलीमागे गेला. तो शोधून मी पायरीपाशी पोचले, तोवर त्या दगड, नळ, कुंडी करून दोन पावलांवर आलेल्या. मला बघून थांबल्या आणि छातीवर हात ठेवला.

"दम लागला."

"किती वेळ थांबायचं?" ह्यांनी विचारलं.

पंचाने, म्हणजे नातीने, पुठ्ठा पाहिला. "वेळ लिहिलेली नाही."

मग आम्ही उभ्या राहिलो. त्या हलल्या की बाद, आणि मी हलले की त्या पायरीवर. पुरुषमाणसं कंटाळून सावलीत बसली. लेकीने चहा आणला. मी डाव्या हातात कप धरला, उजव्यात चेंडू. विहीणबाई मोठेमोठे घोट घेत होत्या. दम लागलेला माणूस असा चहा पीत नाही.

"रात्री उठते का हो ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकदा. पाणी मागते."

"आणि उशी?"

"दोन लागतात. एक डोक्याखाली, एक पायात."

"आमच्याकडे एक रात्र राहिली नाही ती. आधी माझी नोकरी, मग ह्यांचं ऑपरेशन. सुट्टी लागली की ती तुमच्याकडेच. मला कुठून माहीत असणार?"

खरंच होतं. सगळ्या सुट्ट्या मी हक्काच्या समजून घेतल्या होत्या, आणि हाही महिना मला हवाच होता. माझी चेंडूवरची बोटं सैल झाली असावीत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मुद्दाम सोडलंत तर याद राखा. मी काही मागायला आलेली नाही," म्हणाल्या, आणि बोलता बोलताच निघाल्या!

माझा हात आपोआप गेला. चेंडू त्यांच्या ओढणीच्या टोकाला लागला आणि त्यांचा पाय पायरीवर पडला.

"बाद!" हे ओरडले.

"कसल्या बाद? ओढणीला लागला!" व्याही उठले.

नातीने पुठ्ठा दोन्ही बाजूंनी पाहिला. "ओढणीचं काहीच नाही यात. आजी, नियम तू लिहिलेस. कपड्याला लागलं तर बाद की नाही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कप खाली ठेवला.

"नाही. माणसाला शिवायचं असतं, कपड्याला नव्हे."

"अगं, त्या बाद झाल्या तर पोरगी इथेच राहते!" हे कळवळले.

"मला कळतंय ते."

विहीणबाईंनी डोळे बारीक केले. "हे आत्ता सुचलं का?"

"तुमचा दम आत्ता गेला, तसंच."

त्या इतक्या हसल्या की आता खरंच त्यांना दम लागला.

"मग लिही," म्हणत नातीने पुठ्ठा पुढे केला. मी लिहिलं. ती पिशवी भरायला आत पळाली आणि विहीणबाई तिच्यामागे गेल्या. थोड्या वेळाने एकट्याच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळी केस तीच विंचरते, की तुम्ही?"

"मीच. कुरकुर करते, लक्ष देऊ नका. कंगवा मात्र मोठ्या दातांचा हवा. आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"थांबा, तिचाच देते," मी म्हणाले आणि आणायला आत गेले.