चौदावा प्रश्न

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी माझ्या मुलांना पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावायची. कर्नाटकच्या सीमाभागातल्या भालकी, औराद, निपाणीकडच्या मराठी शाळांतली ही पोरं. दहावी झाली की बंगळूरला यायची, आणि इथं कॉलेजात पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी सायन्स, सगळं इंग्रजीत. पहिल्याच तासाला बिचाऱ्यांचे चेहरे कोऱ्या पाटीसारखे व्हायचे. म्हणून परीक्षा संपल्यावर एप्रिल-मे असे दोन महिने मी जयनगरच्या घरात पुढच्या खोलीत त्यांना तयार करायची. शाळेतून निवृत्त झाले होते, वेळ जात नव्हता. आणि खरं सांगायचं तर, लोकांनी ‘प्रमोदिनीअक्का कुठं राहतात’ असं विचारत यावं, हे मला फार आवडायचं.

माझा एक नियम होता. वर्गात प्रश्न विचारायचा नाही. मान डोलवायची. कळलं नाही ते वहीत मराठीत लिहायचं, नंबर घालायचा, आणि चारला कॉलेज सुटलं की माझ्याकडे यायचं. हा नियम मी उगाच केला नव्हता. माझा पहिला विद्यार्थी निहार, निपाणीचा. त्यानं भर वर्गात मोडक्या इंग्रजीत शंका विचारली, साठ मुलं हसली आणि शिकवणारेही हसले. आठव्या दिवशी तो ट्रंक उचलून गावी गेला. मला इतका संताप आला होता, हसणाऱ्यांचा आणि पळणाऱ्याचाही, की पुन्हा माझ्या पोराला कुणी हसता कामा नये असं मी ठरवून टाकलं. त्यानंतर सहा वर्षं कुणी हसलं नाही. माझं पोर वर्गात ओळखूच येत नाही, असं मी चारचौघांत मिरवायची.

चौऱ्याण्णव साली बसवंत आपल्या मुलीला घेऊन आला. तो बंगळूरजवळ आनेकलला एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. प्रणिता भालकीजवळ मामाकडे राहून शिकलेली, शाळेत पहिली. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. हिला औषधांच्या कारखान्यात पांढरा कोट घालून काम करायचं होतं, आणि पीयूसीची दोन वर्षं पार पडली तरच ते जमणार होतं. पोरगी भारी चौकस. हे असंच का, तसं का नाही, पहिल्या आठवड्यात तिनं मला जेरीला आणलं. तुझी जीभ म्हणजे ब्रेक नसलेली बस आहे, असं मी तिला चिडवायची आणि ती तोंडावर हात ठेवून हसायची. महिनाभरात ती गप्प बसून मान डोलवायला शिकली. मला वाटलं, तयार झाली.

जूनपासून ती रोज चारला यायची. उप्पिट खात खात वही उघडायची, तीन-चार प्रश्न सोडवून घ्यायची आणि सहाच्या बसनं आनेकलला जायची. दर सोमवारी नंबर पुन्हा एकपासून. जुलैत एकदा ती म्हणाली, “अक्का, केमिस्ट्रीचे सर चांगले आहेत. त्यांनाच विचारलं तर चालेल ना?”

“सर चांगले असतील. साठ पोरं चांगली नसतात,” मी म्हटलं. “वहीत लिही.”

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ती आली नाही. उप्पिट गार झालं. निरोप देण्याची रीत नाही म्हणून मी मनातल्या मनात तिला झापत होते. साडेपाचला तिच्या वर्गातली सुखदा आली, रडून डोळे सुजलेले. तिनं सांगितलं ते असं. प्रयोगशाळेत टेबलावर आम्लाच्या दोन बाटल्या होत्या, एक पाणी घालून सौम्य केलेली, एक तशीच. कुठल्या बाटलीत पिपेट घालायचं आणि कुठलीला हात लावायचा नाही, ते सरांनी इंग्रजीत भराभर सांगितलं. तेव्हा पिपेटच्या काचेच्या नळीत द्रव तोंडानं ओढून घ्यायचे. प्रणितानं नको त्या बाटलीतून ओढलं.

“सरांनी विचारलं होतं अक्का, सगळ्यांना कळलं का म्हणून,” सुखदा म्हणाली. “तिनं मान डोलवली.”

ती वाचली. तोंड, घसा आणि अन्ननलिका मात्र जळून गेली. दोन महिने ती दवाखान्यात होती. यापुढे पातळ पेजेवरच राहावं लागेल, तीही नळीतून, आणि आवाजाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बसवंतला सांगितलं. मी आयुष्यभर कुणाला भ्यायले नाही, पण दवाखान्याच्या फाटकावरून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. बरी होशील, असं काहीतरी बोलले. तिनं माझ्याकडे बघून मान डोलवली, मी शिकवली होती तशीच. मला तिथं उभं राहवेना.

दसऱ्यानंतर बसवंत घरी आला. कॉलेजातून नाव काढलं होतं, परवा तिला भालकीला नेणार होता. पिशवीतून त्यानं तिची वही काढली.

“अक्का, तिनं लिहून दाखवलं मला. जायच्या आधी हे अक्कांना द्या म्हनून. एक प्रश्न ऱ्हायलाय म्हनं. मी स्वल्प थांबतो, तुम्ही लिहून द्या.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी वही उघडली. त्या गुरुवारचं पान. शेवटी तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘१४. दोन बाटल्या आहेत. सर काय म्हणाले ते कळलं नाही. पिपेटमध्ये कुठली घ्यायची? संध्याकाळी अक्कांना विचारणे.’

मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘हे तिथंच विचारायचं होतंस.’ लिहिलेलं वाचलं आणि खोडून टाकलं. तिनं तिथं विचारलं नाही, कारण ती माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी होती. बसवंत दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता, त्याला सहाची बस गाठायची होती. शेवटी मी लिहिलं, ‘विचारू नको असं मी सांगितलं. मी चुकले.’

वही मिटून त्याच्या हातात दिली. आत काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही, नीट पिशवीत ठेवली. “सरी, अक्का. बरं, येतो,” म्हणाला, आणि गुरूला भेटून निघताना करतात तसा वाकून माझ्या पाया पडला.