पूर्ण हजेरी

खातूनबीचा नवरा महेबूब भद्रकालीत एका दुकानाच्या ओट्यावर बसून पँटी शिवायचा. तो गेल्यावर तिने बरीच वर्षं ठेकेदारांचे तयार कपडे नगावर, म्हणजे दर कपड्यामागे ठरलेल्या पैशांवर, शिवले. धागा उशिरा आला तर दिवस फुकट, लाईट गेली तरी फुकट. त्यामुळे सरकारी शाळांचे गणवेश बायकांच्या बचत गटांकडूनच शिवून घ्यायचे असं धोरण आलं आणि तिच्या गटाला काम मिळालं, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "माझ्याकडे नग नाही. दिवसाची हजेरी मिळेल. सरकारने ठरवलेली, पूर्ण. लाईट गेली तरी."

वडाळा गावात तिने एक गाळा भाड्याने घेतला. सरकारी योजनेतून कर्ज काढून नव्या मशिनी आणल्या, महेबूबचं जुनं मशीन दारापाशी ठेवलं. कामाला पाच बायका. त्यात चैताली सगळ्यात तडफदार. तिचा नवरा अंबडच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. दर सात महिन्यांनी त्याला ब्रेक देऊन घरी बसवायचे, मग घर चैतालीच्या हजेरीवर चालायचं. तिने आयुष्यात पहिल्यांदा बँकेत खातं उघडलं ते इथे आल्यावर. मुलीला इंग्लिश मीडियमला घातलं.

ते वर्ष चांगलं गेलं. खातूनबीच्या हातात फारसं काही उरत नव्हतं, पण महिनाअखेरीला बायकांसमोर तिला मान खाली घालावी लागत नव्हती. एकदा एका कार्यक्रमात गणवेशाचं काम देणाऱ्या सरकारी साहेबांनी तिला स्टेजवर बोलावून शाल दिली. असे गट प्रत्येक गल्लीत उभे राहिले पाहिजेत, असं ते म्हणाले.

पुढच्या वर्षी धोरण बदललं. आता सगळ्या शाळांचे गणवेश एकाच निविदेतून. निविदा भरायला इतकी मोठी उलाढाल हवी होती, की वडाळा गावातले सगळे गाळे एकत्र केले असते तरी जमली नसती.

खातूनबी साहेबांकडे गेली. शाल दिलेल्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"लहान उद्योगांना निविदेत सवलत आहे," ते म्हणाले. "पण ती उत्पादकांना. तुम्ही कापड तयार करता का?"

"कापड गिरणीत बनतं साहेब. आम्ही शिवतो."

"मग तुम्ही सेवेत येता. सेवेला ही सवलत नाही."

"आम्ही नाही शिवलं तर ते कापडच राहणार ना?"

साहेब थोडे हसले. हसण्यात कुचेष्टा नव्हती. "तुमचं पटतंय मला. पण माझ्या हातात नाही. ज्यांना काम मिळेल, त्यांच्याकडून तुम्हाला काही मिळतं का बघा."

काम परराज्यातल्या कोणाला तरी मिळालं. गाळ्यात खातूनबीने पडदे, ब्लाउज, पिशव्या, जे मिळेल ते घेतलं. हजेरी मात्र तीच ठेवली. आधी दोन बायका कमी केल्या, मग तिसरी स्वतःच गेली.

शाळा सुरू झाल्यावर राकेश आला. सातपूरचा हा माणूस अशी फुटकळ कामं वाटत फिरायचा. त्याच्या टेम्पोत तेच गणवेश होते, बाहेरून शिवून आलेले. शिलाई उसवत होती, बाह्या लहानमोठ्या होत्या. शाळांनी परत पाठवले होते, ते नीट करून द्यायचे होते.

त्याने नगाचा भाव सांगितला. खातूनबीने मनात हिशेब केला आणि मान हलवली.

"यात निम्मी हजेरीपण निघत नाही रे."

"भाभी, मला वरून जेवढं मिळतं त्यातनंच द्यायचंय. तुम्ही नाही तर दुसरं कोणी घेईल."

"घेऊ दे."

टेम्पो गेला. चैताली मशीनवरून उठली.

"भाभी, नाही म्हणायच्या आधी आम्हाला विचारायचं तरी."

"तुला निम्म्यात राबवून मी ते काम घेऊ?"

"काम नसल्यावर पूर्ण हजेरी किती दिवस देणार तुम्ही?"

दिवाळीच्या आधी गाळा सोडावा लागला. नव्या मशिनी विकून बँकेचं जेवढं फिटलं तेवढं फेडलं, उरलेल्याचे हप्ते राहिले. चैतालीची शेवटची हजेरी द्यायला काही नव्हतं, म्हणून तिने महेबूबचं मशीन तिला दिलं. चैताली नको नको म्हणत होती, पण रिक्षा घेऊन आलीच.

त्यानंतर खातूनबीने अंबडमधल्या एका कपड्याच्या कारखान्यात विचारलं. त्यांना तिशीच्या आतल्या मुली हव्या होत्या. दोन घरी पोळ्यांचं काम मिळालं, पण पाय सुजायला लागले. बँकेचा फोन दर आठवड्याला यायचा.

शेवटी एका दुपारी ती पाथर्डी फाट्याला चैतालीच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे शर्ट, निळ्या पँटी, गठ्ठ्यांवर गठ्ठे. चैताली मशीनवर होती, शेजारी मुलगी शिलाई उसवत बसली होती. शाळेच्या वेळेला ती घरात होती.

चैताली उठून उभी राहिली. "बसा भाभी." तिने एक गठ्ठा सरकवून जागा केली. मग खाली बघत म्हणाली, "राकेशला मीच फोन केला होता. गाळा सोडला त्याच आठवड्यात."

"बरं केलं," खातूनबी म्हणाली.

खातूनबी मुलीला म्हणाली, "शाळा?"

"फी थकली," मुलगी म्हणाली.

खातूनबीने पदराने घाम पुसला. "चैताली, मला थोडे देतेस का यातले? हातशिलाईचे दे. काज, बटणं. मशीनवर नाही बसवत आता."

चैतालीने बराच वेळ गठ्ठ्याच्या गाठीशी चाळा केला. मग भाव सांगितला. राकेशने गाळ्यात सांगितला होता त्याच्याही खालचा. मधलं चैतालीचं होतं, हे दोघींनाही कळत होतं. चैतालीचे डोळे भरून आले.

"भाभी, नवऱ्याला परत ब्रेक दिलाय. मला यापेक्षा..."

"मी विचारलं का?" खातूनबी म्हणाली. "सुई बारीक दे फक्त. जाडीने कापड फाटतं."

मुलगी थोडी सरकली. खातूनबी भिंतीला टेकून बसली, पाय पसरले आणि तिने पहिला शर्ट मांडीवर घेतला. कापड इतकं विरळ होतं, की त्यातून तिला स्वतःची बोटं दिसत होती. हा शर्ट दोन धुण्यांतच जाईल, हे तिला समजलं. तिने बटण लावलं आणि दुसरा घेतला.