चौथी ओळ खुराड्यात आहे

मी चौथी पाटी बोलतेय. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की एक गाडी काचा लावून गेली आणि आतल्या कुणी मला मोठ्यानं वाचलं नाही.

तोवर आयोवातल्या त्या रस्त्यावरून न वाचता कुणी जात नसे. आम्ही पाच बहिणी, दाढीच्या साबणाच्या जाहिरातीच्या पाट्या, हिरव्या अंगावर पिवळी अक्षरं, मक्याच्या कडेनं अंतराअंतरानं उभ्या. 'दाढी केली गुळगुळीत', मग 'घाई नको या वळणात', मग 'वाट बघते घरी कुणी'. इथं मागच्या सीटवरची पोरं श्वास रोखत आणि मी दिसताच ओरडत. पाचवीवर नुसतं साबणाचं नाव. मी जन्माची भित्री, ट्रक गेला तरी थरथरायची. पण माझी ओळ कानावर आली की धीर यायचा.

पुढे गाड्यांचा वेग वाढला, साबणाची कंपनी बंद पडली, आणि शेताचा मालक व्हर्लिन ऑस्टर याच्या खुराड्यात कोल्हा शिरू लागला. त्यानं मला उपटून, तोंड आत करून, भिंतीच्या भोकावर ठोकलं. बाकीच्या चौघी आता मुक्या उभ्या राहणार का, असं त्याच्या बायकोनं, अर्डिसनं, विचारलं. तो म्हणाला, "तुला कविता हवी की अंडी?"

त्याच वर्षी मका काढायच्या दिवसांत त्यांचा मुलगा रोलंड आमच्याच वळणावर गाडीसकट उलटला.

मी तिथं असते तर त्यानं वेग कमी केला असता? पाटीमुळे कधी कुणी वाचतं का? तरी हा प्रश्न किड्यासारखा मला पोखरत राहिला.

दफन उरकलं आणि व्हर्लिन चुन्याची बादली घेऊन आला. चुना सगळ्या खुराड्यालाच लागतो, पण त्या दिवशी त्यानं फक्त मला दिला. वाळल्यावर पुन्हा दिला. अर्डिस दारात उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग नुसता अंधार, पिसं, विष्ठेचा वास. पुढे व्हर्लिनही वारला. अर्डिस रोज अंडी काढायला यायची, तेव्हा मी करकरायची. ती माझी हाक होती. ती खिळा दाबून बघायची आणि निघून जायची.

अलीकडे गावाला जुन्या पाट्यांची माया आली. दर उन्हाळ्यात पाट्यांचा दिवस. बँड वाजतो, सगळे रस्त्यानं चालत एकेक ओळ सुरात वाचतात. माझ्या चारही बहिणींना नवा रंग मिळाला. माझी ओळ मात्र कुणालाच आठवेना. अर्डिसला विचारायला आले, तर ती म्हणाली की या वयात कोण काय लक्षात ठेवतं. तेव्हा त्या दिवसाचा कारभारी लोवेल यानं स्वतःच एक जुळवली, 'कोंबडी तळते तेलात'. लोक खूप हसले. आता तीच माझ्या जागी उभी आहे.

यंदा पाट्यांच्या दिवशी शेकोटीला जुनं लाकूड हवं म्हणून आमचं खुराडं ठरलं. आज सकाळी लोवेल दारात येऊन म्हणाला, "अर्डिसमावशी, कोंबड्यांना नोटीस दिलीत ना?"

"तू त्यांना तेलात तळून मोकळा झालायस. आणखी कसली नोटीस?"

तो हसत गेला. अर्डिसनं एकेक कोंबडी बाहेर नेली. शेवटची काखेत धरून ती माझ्यासमोर थांबली. नखानं चुना खरवडला. एक पापुद्रा पडला, मग दुसरा. तिचं बोट माझ्या पहिल्या अक्षरावर आलं आणि मला कळलं, ती काहीच विसरली नव्हती.

बाहेर बँड जवळ आला. दाढी केली गुळगुळीत. घाई नको या वळणात. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून करकरले.

"वाट बघते घरी कुणी," सारं गाव म्हणालं आणि हसायच्या तयारीत क्षणभर थांबलं.

अर्डिस दारात गेली. कोंबडी तिच्या काखेतून निसटली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मुलाला हाक घालावी तशा आवाजात ती रस्त्याकडे बघून म्हणाली,

"जिवंत ये रे अंगणात."