उलट बोलायची मुभा

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या धरणावर एक रीत होती. वॉकीटॉकीवर हुकूम आला की ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच पाण्याचा दरवाजा उघडायच्या बटणाला हात लावायचा. रीत चांगली, पण आधीच्या साहेबाच्या धाकाने माणसं नुसती पोपट झाली होती. त्यातच वेंडेल नावाचा कामगार गेला. हुकूम चुकीचा आहे हे कळत असूनही त्याने तो निमूट परत म्हटला आणि पाण्याखाली गेला. तेव्हापासून म्हणे कधीकधी हुकूम दोनदा परत ऐकू येई. दुसऱ्यांदा कोण बोललं हे कुणी विचारत नसे.

नव्या साहेबिणीला, डार्लीनला, ही भाकडकथा वाटे. "माझं चुकलं तर खुशाल उलट बोला," असं ती दर बैठकीत बजावे. सगळे माना डोलवत आणि कॉफी पीत.

त्या दुपारी रूबेन नावाचा कामगार तीन नंबरच्या दरवाजामागे, बोगद्यात बर्फ फोडत होता. उघडायचा होता चार नंबर. बाहेर धरणाच्या भिंतीवर वारा झोंबत होता आणि डार्लीनच्या तोंडून निघून गेलं, "तीन उघड."

"तीन उघडतो," नियंत्रण खोलीतून कॉर्लिस म्हणाला.

मग वॉकीटॉकीवर, अगदी कानाशी, भिजलेल्या घशातून कुणीतरी म्हणालं, "तीन नको. आत माणूस आहे."

"थांब," म्हणत डार्लीन नियंत्रण खोलीकडे धावत सुटली. कॉर्लिस पांढराफटक पडला होता, बोट बटणावरच.

"तू बोललास?"

"नाही."

"रूबेन आत आहे हे ठाऊक होतं?"

"हो. मीच सोडून आलो त्याला."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुमचा हुकूम होता, बॉस."

वर्षभर घसा कोरडा केला, आणि तिचं ऐकलं ते एका मेलेल्या माणसाने. राग आला तो स्वतःचाच. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"सगळ्यांनी ऐका. आत्ता मी रूबेनला मारणार होते. यापुढे माझा हुकूम परत म्हणायचा नाही, आधी मला प्रश्न विचारायचा. न विचारता बटण दाबेल त्याला मी घरी बसवेन." ती कॉर्लिसकडे वळली. "चार उघड."

त्याचा हात बटणाकडे गेला, अडखळला, मागे आला.

"चारमागे कोण आहे, बॉस?" त्याने विचारलं.

कुणी नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मला माहीत नाही," ती सगळ्या धरणाला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि बॅटरी घेऊन बघायला निघाली.