झिरीच्या महादेवाचा उलटा स्वस्तिक

एकच ताट घेतलं होतं तिनं. ऑटोत बसल्याबसल्या मी थैलीत हात घालून पाह्यलं. डबा, पान्याची बाटली, तांब्या, वाटी, शेंदराची पुडी, तेलाची शिशी अन् ताट एक. दोन बाया जंगलात चालल्या अन् ताट एक. मी म्हटलं, "काऊन व, मी उपाशी राहू काय?" तर निशिगंधा म्हने, "पुरतं आई एक," अन् हसली. आता हसायसारखं त्यात काय होतं, सांगा.

निशिगंधा म्हनजे माही सून. बुलढाण्याची, शिकेल. अविनाशसंग लग्न होऊन सहा वर्सं झाली, अन् सहाही वर्सं आमच्या दोघींचं भाजीतल्या मिठापासून तर दाराच्या कडीपर्यंत जमलं नाई. माहे मालक, पंजाबराव, होते तवर मधी पडायचे. ते मांगच्या हिवाळ्यात गेले. आता मधी पडाले कोनी नाई.

मी उगाच संशय घेनारी बाई नाई. मले कोकिळानं सांगतलं. कोकिळा आमची शेजारीन, चैतात झिरीच्या महादेवाले गेली होती. येऊन म्हने, "पुष्पाबाई, तुमची सून तिथं एकटीच होती. डाव्या हाताच्या तिसऱ्या खांबावर उलटा स्वस्तिक हाय, त्याले हात लावून काहीतरी बोलत होती."

आमच्याकडं सगळ्यायले माहीत हाय. झिरीच्या महादेवाले नवस बोलाचा तर शेंदरानं उलटा स्वस्तिक काढाचा. नवस फिटला की त्याच जागी येऊन सुलटा कराचा. अन् ज्याच्याबद्दल नवस असन त्याले फिटेपर्यंत सांगाचं नाई. मंग सुनेनं सासूपासून लपवून कशाचा नवस बोलावा? वेगळं निघाचाच ना? तिकडं अविनाश बुलढाण्यात गाळा पाहून राह्यला होता. अन् परवा मी वांग्याचे कॅरेट भरताना माह्या कानानं ऐकलं, ती फोनवर त्याले म्हनत होती, "आईंना आत्ताच काही बोलू नका. आधी तिथं नेते, मग सांगते."

खरं सांगतो तुमाले, मले भेव वाटलं. मालक गेले, आता पोरगं गेलं, तर त्या घरात मी बोलू कोनासंग? दोन रात्री डोळ्याले डोळा लागला नाई. सोमवारी ती म्हने चला आई, तर मी मुकाट्यानं लुगडं नेसली. म्हटलं नेऊन तर पाह्य.

शेवटच्या गावापाशी ऑटो सोडला अन् पायवाट धरली. सागाची वाळेल पानं पायाखाली करकर वाजत होती. ती समोर, मी मांगं. मी मुद्दाम मांगं राह्यली, ती कुठं पाहते, कोनाले फोन लावते, सगळं दिसावं म्हनून. बोरीच्या झाडापाशी थांबून ती म्हने, "आई, हात धरू का? इथं घसरतं." मी म्हटलं, "माहे पाय मजबूत हायेत." एवढी माया आजच काऊन आली हिले? वाटेत दोनदा तिनं मले पानी देल्लं. मी एकदाच पेली.

मंदिर जुनं, काळ्या दगडाचं. चुन्याचा ठिपका नाई, दगडावर दगड ठेवेल. कळस कधीचाच पडला, त्याच्यावर उंबर उगवला. आत गार होतं अन् वटवाघळाचा वास येत होता. निशिगंधा म्हने, "तुम्ही बसा, मी झिऱ्यावरून अभिषेकाचं पाणी आणते," अन् तांब्या घेऊन खाली उतरली.

मी बसतो कशाची. डाव्या हाताचा तिसरा खांब. होताच तिथं. छातीएवढ्या उंचीवर, शेंदराचा, उलटा. अन् काढेल कसा, तर वाकडा. खालचा एक पाय वीतभर लांब गेला होता. एवढी शिकेल पोरगी अन् धड स्वस्तिक येत नाई, असं माह्या मनात आलं. मंग मी तेलाच्या शिशीत पदर बुडवला अन् घास घास घासला. शेंदूर जुना होता, जाता जात नव्हता. मी महादेवाकडं पाह्यलंच नाई. म्हटलं, जाय आता वेगळी, कशी जातं ते पाहतो.

ती तांब्या घेऊन आली. पिंडीवर पानी घातलं, हात जोडले, पुडी सोडली, शेंदूर तेलात कालवला अन् सरळ त्या खांबापाशी गेली. मी पदर मांगं घेतला. तिनं खांबावर हात फिरवला. मोबाईलचा टॉर्च लावला. मंग चौथा खांब पाह्यला, दुसरा पाह्यला, परत तिसऱ्यापाशी आली अन् तिथंच खाली बसली.

"काय झालं व?" मी विचारलं.

"आई, इथं बाबांचा स्वस्तिक होता."

मले पहिले समजलंच नाई. मी म्हटलं, "कोनत्या बाबाचा?"

"आपल्या बाबांचा. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी काढला होता त्यांनी. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नियम मोडून मला सांगून गेले. घरातल्या दोघी एका ताटात जेवल्या की सुलटा करीन, असा नवस होता. म्हणाले, मी नसलो तर तू कर, पण तिला घेऊन जा. चैत्रात मी येऊन तो शोधून ठेवला." ती डोळे पुसून राह्यली होती. "भादव्यात मला टायफॉईड झाला, तेव्हा तुम्ही आठ दिवस तुमच्याच ताटातली पेज मला भरवली. मला वाटलं, फिटला."

तो लांब पाय. दरसाल दसऱ्याले आमच्या विहिरीच्या मोटारीवर ते स्वस्तिक काढत, अन् दरसाल खालचा पाय लांब जाय. मी दरसाल हसत होती. अन् आज तोच पाय माह्या डोळ्यासमोर होता अन् मी ओळखला नाई. त्यायच्या हातचं जंगलात एवढं एक उरेल होतं, ते मी पुसलं.

"अन् बुलढाण्याचा गाळा?" मी विचारलं.

"तो भाजी विकायला आहे आई. राहायला नाही." मंग तिनं नाक पुसलं. "फॉरेस्टवाल्यांनी साफ केलं असेल का?"

हाव म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी पदर समोर घेतला. लालभडक झाला होता. तिनं पदर पाह्यला, मंग माह्याकडं पाह्यलं.

"मीच पुसला," मी म्हटलं. "मले वाटलं, तू वेगळं निघाचा नवस बोलली."

मी बोलनी खायाले तयारच होती. पन ती उठली, कालवेल शेंदरात बोट बुडवलं अन् त्याच खांबावर सुलटा स्वस्तिक काढाले हात उचलला. मी तिचं मनगट धरलं.

"सुलटा नको. उलटा काढ."

"का? जेवलो की आपण एका ताटात."

"तू आजारी होती म्हनून. वाटेत तू देल्लेलं पानी प्याले मी भेत होती. त्यायचा नवस अजून फिटला नाई व."

तिनं शेंदराची वाटी माह्या हातात देली. म्हने, "मग तुम्हीच काढा."

मी काढला. खालचा पाय मी मुद्दाम वीतभर लांब ओढला. निशिगंधानं तो पाय पाह्यला, अन् थैलीतून ताट काढलं.